निवळ आणि निव्वळ

आयुष्यभर मी एकच गोष्ट पाहत आलो. काय कशात विरघळतं आणि काय विरघळत नाही. साखर दुधात, मीठ पाण्यात, औषध पोटात. पुढे ह्या कामाला मोठमोठी नावं मिळाली, ती नावं छापलेली पत्रं आली आणि दोन-तीनदा गळ्यात हारही पडले. हारांचा माझा अनुभव एवढाच, की झेंडूच्या पाकळ्या मानेला चिकटतात आणि घरी येईपर्यंत सुटत नाहीत. असल्या समारंभात कुणीतरी हमखास विचारतं, "ह्या विषयाकडे आपण कसे वळलात?" मी काहीतरी भारदस्त सांगतो. खरं कारण अंबड तालुक्यातलं एक शेवग्याचं झाड आहे. पण ते माईकवर सांगता येत नाही.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. दुसरी लढाई सुरू व्हायला अजून काही वर्षं होती. मी हैदराबादेहून रसायनशास्त्र शिकून नुकताच परतलो होतो. शिक्षण सगळं उर्दूत झालेलं. त्यामुळे हवेतल्या वायूंची नावं मला अरबी-फारसीत तोंडपाठ होती आणि मराठीत एकही येत नव्हतं. माझी नेमणूक जालन्याच्या सरकारी दवाखान्यात झाली. दवाखान्याच्या मागे एक खोली होती, तिच्या दारावर उर्दू, इंग्रजी आणि मराठी अशा तीन लिप्यांत पाटी होती. पाटी खोलीपेक्षा रुंद होती. दोन्ही बाजूंना वीत-वीत बाहेर आलेली, त्यामुळे आत जाताना उंच माणसाला कान सांभाळावा लागे. पाटीवर लिहिलं होतं 'अन्न व औषध संशोधनशाळा'. आत एक तराजू, एक स्पिरिटचा दिवा, सहा काचनळ्या आणि मी.

काम म्हणजे गावातलं तूप, तेल, दूध, गूळ तपासायचं. तूप गरम करून त्यात भेसळ कशाची हे ओळखायचं. दुधात पाणी किती हे सांगायचं. मी पहिल्या महिन्यात अतिशय बारकाईने एक अहवाल लिहिला, की जालन्याच्या दुधात पाणी आहे. तो हैदराबादला पोहोचला आणि तिथून 'नोंद घेतली' असं उत्तर आलं. गवळी मला रस्त्यात भेटला तेव्हा म्हणाला, "साहेब, इतकं शिकून हे शोधलं? मला इचारलं असतं तर मीच सांगितलं असतं."

ह्या दवाखान्याचं खरं बळ म्हणजे कंपाउंडर होते. डॉक्टर वर्षाला दोन येत आणि तीन जात. कंपाउंडर तिथेच होते, दवाखान्याच्या पिंपळासारखे. वय साठीकडे झुकलेलं, मेंदी लावलेली दाढी, बिनसुरकुतीची पांढरी शेरवानी. सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही म्हणू लागलो. ते मला 'मियाँ' म्हणत. औषधाच्या बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवायची, तिला कात्रीने करवतीसारखे दाते पाडायचे, एक दात म्हणजे एक डोस. चाचांचे दाते इतके सारखे असत, की मी एकदा मोजपट्टी लावून पाहिली आणि मोजपट्टीवरचा माझा विश्वास वाढला. पट्टीखाली ते सुंदर वळणाच्या उर्दूत लिहीत, 'हिलाको पीना'. हलवून प्या.

हिवाळ्याच्या तोंडाला अंबड तालुक्यात हिवतापाची साथ आली. तिजारीचा ताप. एक दिवस माणूस ठीक, तिसऱ्या दिवशी दुपारी हुडहुडी भरायची, चार गोधड्या घातल्या तरी दात वाजायचे. त्यावर औषध एकच, कोयनेल, म्हणजे क्विनीन. चाचा सकाळपासून कोयनेलच्या बाटल्या भरत. गाडीवाटेने त्या गावोगाव जात.

आणि एक दिवस त्याच गाडीवाटेने अर्ज आला. दुधना नदीकाठच्या एका गावाच्या पाटलांचा. अंबडच्या अर्जनविसाने म्हणजे अर्ज लिहून देणाऱ्या कारकुनाने तो झोकदार उर्दूत लिहिला होता. सलाम-दुवा वगळली तर मजकूर एका ओळीचा होता. दवाखान्याचं औषध 'महज पानी' आहे, म्हणजे निव्वळ पाणी, आणि ते पिऊन गावातला एकही ताप उतरलेला नाही. अर्ज जालन्याला आला तशी त्याची एक नक्कल थेट हैदराबादलाही गेली होती. तिथून हुकूम आला. पुढच्या गुरुवारी दवाखान्यांच्या खात्याचे बडे साहेब स्वतः तपासणीला येतील. कोयनेल सरकारी कोठीतून बरोबर निघतं आणि बाटलीत पोहोचत नाही, तर मधे कोण आहे?

मधे चाचा होते. अख्खी नोकरी ह्याच मेजामागे गेली होती आणि निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं. बडे साहेब काय लिहून जातात त्यावर आता ते चाचा राहणार की कोयनेलचोर ठरणार, हे टांगलेलं होतं.

त्या दिवसापासून चाचांनी पान खाणं सोडलं. बोलणंही सोडलं. बाटल्या भरत राहिले, दाते कापत राहिले, फक्त दाते आता सारखे येईनात. तिसऱ्या दिवशी मी म्हणालो, "चाचा, एक बाटली मला द्या. तपासतो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमना भी शक है, मियाँ?"

"शंका नाही. पण माझ्याकडे तराजू आहे आणि दुधाला कंटाळलोय."

बाटली घेऊन खोलीत गेलो. गाळली, वाळवली, तोलली. कोयनेल गुंजभरही कमी नव्हतं. उलट चाचा चिमूटभर जास्तच टाकत होते. पण एक गोष्ट मला खटकली. सगळं कोयनेल तळाला होतं. खोबऱ्याच्या किसासारखा पांढरा थर, आणि वर स्वच्छ पाणी. कोयनेल नुसत्या पाण्यात विरघळत नाही. त्याला काहीतरी आंबट लागतं, तेजाबाचे, म्हणजे ॲसिडचे, चार थेंब पडले की पाणी आरशासारखं होतं.

"चाचा, तेजाब कुठं आहे?"

चाचांनी कपाट उघडून कागदांचा गठ्ठा दाखवला. तेजाबाची बाटली संपून कैक महिने झाले होते. त्यांनी मागणीपत्र लिहिलं. हैदराबादहून विचारणा आली, तेजाब कशासाठी हवं. त्यांनी लिहिलं, औषधासाठी. पुन्हा विचारणा आली, तेजाबाने माणूस भाजतो, मग ते औषध कसं. त्यांनी त्याचंही उत्तर लिहिलं. पत्रव्यवहार दोन्ही बाजूंनी अतिशय अदबीचा होता. तेजाब मात्र आलं नाही. "इस वास्ते तो मैं लिखताऊँ मियाँ, हिलाको पीना," चाचा म्हणाले. "हिलाए तो पूरी दवा पेट में जाती."

हे खरं होतं. हलवून प्यायलं तर पोटातलं आंबट पुढचं काम करतं. मग ताप का उतरत नव्हता? ह्याचं उत्तर माझ्या खोलीत नव्हतं. दुसऱ्या सकाळी मी बैलगाडी सांगितली आणि चाचांना म्हणालो, "चला."

"जिन्होंने शिकायत करी, उन्हीच के घर?"

"त्यांच्याकडेच बाटल्या आहेत."

वाटभर चाचा शेरवानीवरची धूळ झटकत होते. गाव आलं तेव्हा पाटील ओट्यावर गोधडीत गुंडाळून बसले होते. त्यांचा तापाच्या पाळीचा दिवस होता. फक्त मिशा बाहेर दिसत होत्या आणि त्या थरथरत होत्या. बोलण्याचं काम पाटलीणबाईंनी घेतलं. बाई उंच, आवाज खणखणीत, आणि दवाखान्याची माणसं आली म्हणून मुळीच दबलेल्या नाहीत.

"आलात का? बरं झालं. आमच्या मालकाची दशा बघा. तीन बाटल्या झाल्या. ताप हाय तसाच."

"औषध कसं देता, ते दाखवता?" मी विचारलं.

"मंग! मी काय अडाणी हाय का?"

त्यांनी आम्हाला आत नेलं. उतरंडीशेजारी फळीवर चौथी बाटली ठेवलेली होती, देवासारखी स्थिर. खाली स्वच्छ फडकं. "ही काल आल्ती," बाई म्हणाल्या. "आली की मी हिला हात लावू देत न्हाई कुणाला. दिसभर बसू देती. लईच गढूळ असली तर निवळीची बी उगाळून दोन थेंब टाकती. दुधनेचं पाणी आमी असंच पितो, औषध बी गावात घरोघर असंच. सकाळी बघा कसं निवळतं." मग त्यांनी बाटली अशा अलगद उचलली की मला माझ्या प्रयोगशाळेतल्या हातांची लाज वाटली. वरचं पाणी वाटीत ओतलं, एक थेंबही ढवळू न देता. "हे निवळ मालकाला. आनि गाळ..." त्या परसदारी गेल्या आणि तळाचं सगळं शेवग्याच्या बुडात ओतलं. "तुमच्या जालन्याचं पाणी लई घान असतं म्हने."

मी चाचांकडे पाहिलं. चाचा शेवग्याकडे पाहत होते. तीन बाटल्या कोयनेल पिऊन तो शेवगा कसा तरारला होता. वर फुलांचे घोस.

"पाटलीणबाई," मी म्हणालो, "त्या शेवग्याला कधी हिवताप आला का?"

"झाडाला कशाला येईल?"

"येणारही नाही. गावात पुरतं औषध त्यालाच मिळालंय."

बाईंना ते समजायला एक क्षण लागला. मग त्यांनी कपाळाला हात लावला. ओट्यावरून गोधडीचा आवाज आला, "काय झालं ग?"

"काही न्हाई. तुमचं औषध शेवगा पेला."

"आणि बाई," मी विचारलं, "अर्जात 'निव्वळ पाणी' असं कोणी लिहायला सांगितलं?"

"निव्वळ कोन म्हनलं? मालक गेल्ते अंबडला. सांगितलं त्या कारकुनाला, आमी निवळ पाणी पाजून राह्यलो, तरी ताप जात न्हाई. म्हंजी गाळ काढून, काळजीनं. दुसरं काय?"

तर असं होतं. बाईंच्या तोंडी निवळ म्हणजे वरचं स्वच्छ पाणी. कारकुनाच्या कानी ते झालं निव्वळ. त्याच्या लेखणीतून उतरलं 'महज पानी'. आणि हैदराबादला पोहोचेपर्यंत चाचा चोर झाले होते. चोरी कुठेच नव्हती, फक्त शब्दात एका 'व'ची भर पडली होती.

चाचा दाराच्या उंबऱ्यावर खाली बसले. मला वाटलं रडतील. ते हसत होते. आवाज न करता, खांदे हलवत, दाढी शेरवानीत खुपसून. "तीन बाटल्यां," ते म्हणाले, "हर एक का दाँता मैं नापको काट्या..."

"पण ह्याच्यावर लिवलंय काय?" बाईंनी बाटलीची पट्टी बोटाने दाखवली.

"हलवून प्या."

"उर्दूत लिवून ठिवायचं आनि आमी वाचायचं? मला वाटलं नक्षी हाय."

मी म्हणालो, आता कळलंय, तर पुढची बाटली हलवून पाजा. बाईंनी मान हलवली. "गाळ ढवळून पाजू? माझ्या मालकाला? चार बायकांत तोंड दाखवायचं हाय मला." म्हटलं, मग लिंबू पिळू, पाणी स्वच्छ होईल. त्यावर त्या एक पाऊल मागे सरल्या. "तापात आंबट? तुमी बरं करायला आलात का पोचवायला?" चाचांनीही मान डोलावली. तापात खट्टा वर्ज्य, ह्यावर दोघांचं मत एक होतं. एवढ्या वेळात त्यांचं एकमत झालेली ही पहिली गोष्ट.

मी हात टेकले. नजर फळीवर फिरत होती. तिथे एका जुन्या बाटलीत पिवळसर काहीतरी होतं.

"ते काय?"

"आंब हाय. हरबऱ्याची. पोट दुखलं की देतो."

हरभऱ्याच्या पाल्यावर पहाटे जो खारा-आंबट ओलावा येतो, त्यावर फडकी पसरायची, पिळायची आणि उन्हात आटवायची. ती आंब. लहानपणी मीही जिभेवर घेतली होती. दात आंबतात.

"हे तापात चालतं?"

"ते तर औषध हाय!" बाई म्हणाल्या. "ते आंबटात मोजत न्हाईत."

आम्ही पाचवी बाटली बरोबर आणली होती. चाचांनी ती हलवली. दुधासारखी पांढरी झाली. मी आंबेचे दोन चमचे घातले आणि बूच लावलं. पुन्हा हलवली. दूध पातळ झालं. आणखी एक चमचा. बाटलीत ढग होता तो कडांकडून विरत गेला, आणि बघता बघता पलीकडच्या चाचांची मेंदी लावलेली दाढी बाटलीतून स्वच्छ दिसू लागली.

"गाळ गेला कुठं?" बाईंनी तळाला डोळा लावला.

"कुठंच नाही. ह्यातच आहे."

मी बाटली परसात उन्हात धरली. कोयनेल आंबटात विरघळलं की सूर्यप्रकाशात त्याच्या कडेला एक फिकी निळी झाक येते. मी ती हैदराबादला एकदाच पाहिली होती, तीही प्राध्यापकांच्या खांद्यावरून. इथे ती बाईंच्या चुलीच्या राखेशेजारी उमटली.

"अगं बया, निळं!"

चाचांनी बाटली हातात घेतली, उन्हात फिरवली, आणि कैक दिवसांनी त्यांचा आवाज मोकळा आला. "हल हो गया, मियाँ." उर्दूत विरघळण्यालाही हल होणं म्हणतात आणि कोडं सुटण्यालाही. चाचांना कोणता अर्थ हवा होता, मी विचारलं नाही.

पाटलांनी एक दात औषध घेतलं. मिशांसकट सगळं तोंड वाकडं झालं. "हां!" ते गोधडीतून म्हणाले. "आता लागून राह्यलं औषधावानी."

गुरुवारला दिवस थोडे होते आणि गावात ताप घरोघरी होता. दुसऱ्या पहाटे मी, चाचा, पाटलीणबाई आणि गावातल्या आठ-दहा बायका हरभऱ्याच्या रानात होतो. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. जुनी लुगडी, धोतरं, आणि चाचांनी औषध गाळायला बरोबर आणलेली मलमल पाल्यावर पसरलेली. चाचांनी पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला होता आणि शेरवानी मात्र बटणं लावून होती. फडकं पिळताना ते बायकांना दटावत, "आहिस्ता, आहिस्ता, बूँद नक्को गिराओ," आणि बायका म्हणत, "चाचा, हे कापड हाय, रोगी न्हाई, चांगलं पिळा." एकीने त्यांच्या मेंदी लावलेल्या दाढीवर दव साचलंय म्हणून तीही पिळायला सांगितली. चाचांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं आणि मग स्वतःच हसले. तांबडं फुटलं तेव्हा आमचे हात खारट झाले होते आणि दोन घागरी भरल्या होत्या. पुढे मी बऱ्याच प्रयोगशाळांत काम केलं. तिथली माणसं कामात हुशार होती, पण तशी हसत नव्हती.

गुरुवारी बडे साहेब रेल्वेने आले. त्यांच्या आधी त्यांची खुर्ची आली, कारण दवाखान्याच्या खुर्च्यांवर ते बसत नसत. खुर्चीबरोबर एक छत्रीवाला होता, जरी आकाशात ढग नव्हता आणि तपासणी छपराखाली होती. एक कारकून फडक्यात बांधलेलं कागदांचं बासन घेऊन आला, एक माणूस त्या बासनावर ठेवायचा दगड घेऊन. साहेबांनी कारकुनाकडून अर्ज वाचून घेतला आणि चाचांना विचारलं, "महज पानी. आपको क्या कहना है?"

चाचांना काही बोलावं लागलं नाही. दारात पाटील उभे होते, आपल्या पायांवर, गोधडी खांद्यावर घडी करून. पाळीचा दिवस असून हुडहुडी भरली नव्हती. मागे पाटलीणबाई.

"साहेब, त्यो कागद चुकलाय," बाई म्हणाल्या. "आमी निवळ म्हनलं, अंबडच्या कारकुनानं निव्वळ लिवलं."

साहेबांना मराठी येत नव्हतं. मी दोन्ही शब्दांचा अर्थ उर्दूत सांगितला. साहेबांनी कारकुनाकडे पाहिलं, कारकुनाने दगडाकडे. मी दोन बाटल्या मेजावर ठेवल्या, एक आंबेशिवाय, एक आंबेसह, आंब हरभऱ्याची असते हे सांगितलं, आणि साहेबांना दोन्ही उन्हात पाहायची विनंती केली. ते उठून अंगणात आले. छत्रीवाल्याने तत्परतेने वर छत्री धरली आणि सावली नेमकी बाटलीवर पडली. निळी झाक काही दिसेना.

"ती छत्री घे की बाजूला!" पाटलीणबाईंनी असं दरडावलं, की छत्रीवाल्याने ती थेट मिटलीच.

उन्हात निळी झाक उमटली. साहेबांनी बाटली दोनदा फिरवून पाहिली. शेवटी त्यांनी बोट बुडवून चाटलं आणि त्यांचा चेहरा पाटलांसारखाच झाला. हुद्द्याने त्यात काही फरक पडत नाही, हे मी त्या दिवशी नोंदवलं. "चना दवाओं की फेहरिस्त में है?" त्यांनी विचारलं.

"नहीं, हुजूर," चाचा म्हणाले. "तेजाब है. वो आया नहीं."

साहेबांनी मग स्वतः ते अदबीचे कागद वाचले, पहिल्यापासून. वाचता वाचता त्यांना कळलं असावं, की त्यांतल्या शेवटच्या विचारणेवर सही त्यांचीच होती. त्यांनी अर्जावर शेरा लिहिला. कंपाउंडरवर दोष नाही, तेजाब ताबडतोब पाठवावं. खुर्ची, छत्री, बासन आणि दगड संध्याकाळच्या गाडीने परत गेले.

तेजाब ताबडतोब आलं, म्हणजे हरभरा काढून, त्याची डाळ होऊन, त्या डाळीचं पुरण होऊन होळीच्या पोळीत गेल्यावर आलं. तोवर गावाचे ताप आंबेवरच उतरले. चाचा बाटलीच्या पट्टीवर उर्दूखाली आता मराठीही लिहून घेत. मजकूर पाटलीणबाईंनी सांगितलेला होता. 'निवळ आहे. तसंच प्या.' अक्षर माझं, दाते चाचांचे. ते पुन्हा सारखे यायला लागले होते.

होळीच्या सुमारास त्या गावाहून बैलगाडीतून एक जुडी आली. शेवग्याच्या शेंगा, हातभर लांब, जाडजूड. निरोप होता, 'चाचाच्या हातच्या हायेत.' मी बिचकलो. कोयनेल पिऊन वाढलेल्या शेंगा कशा लागतील, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. चाचांनी घरी आमटी करवली आणि मला जेवायला बोलावलं. पहिली शेंग त्यांनी उचलली, दातांनी ओढली, डोळे मिटून चघळली आणि चोथा ताटाच्या कडेला ठेवला.

"कडू आहे?" मी विचारलं.

"मीठी है," चाचा म्हणाले आणि दुसरी उचलली. "माल पूरा पहुँच्या था, मियाँ. बस पता गलत था."